पारख करणाऱ्याची पारख

पोतदार हे आडनाव महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. सरकारी खजिन्यात भरणा होणारी नाणी अस्सल आहेत की हिणकस, हे पाहणारा जुन्या काळचा अधिकारी म्हणजे पोतदार. नाणे वाजवून, तोलून, प्रसंगी काळ्या दगडावर घासून तो त्याचा कस ठरवी. त्या दगडाचे नाव कसोटी. परीक्षेला आपण आजही कसोटी म्हणतो ते त्यावरूनच.

हाच शब्द बंगालमध्ये 'पोद्दार' असा होतो, आणि एकोणिसाव्या शतकात तिथे तो एका निराळ्याच पारख्यालाही लावला जात होता. राजशाही भागात, आजच्या बांगलादेशातील नौगावच्या परिसरात, सरकारी परवान्याने गांजाची लागवड होत असे. पीक फुलोऱ्यावर येऊ लागले की शेतकरी पोद्दाराला बोलावीत. त्याला परखदार असेही म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला 'गांजा-डॉक्टर' ठरवले होते. भांगेच्या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात. मादी फुलांवर परागकण पडले की झाड बी धरते आणि राळ कमी होते, आणि गांजाची किंमत तर राळेवर. म्हणून फुले उमलण्याआधीच नर झाडे ओळखून उपटायची, हे पोद्दाराचे काम. एखादे नर झाड नजरेतून सुटले तर आसपासच्या शेतांचेही नुकसान होई. पण पोद्दाराची नजर चुकली की नाही, हे तपासायला त्याच्यावर दुसरा पोद्दार नव्हता. चूक कळायची ती बी धरल्यावर.

आज अमेरिकेच्या अनेक राज्यांत आणि कॅनडात गांजा परवानाधारक दुकानांतून विकला जातो. डबीवर छापलेले असते: 'टीएचसी २४.६ टक्के'. दशांश चिन्हानंतरही एक आकडा! वाचणाऱ्याचा समज होतो, की इतके बारीक मोजले आहे त्याअर्थी ते खरेच असणार. गांजा चांगला की वाईट, त्यावर बंदी हवी की नको, या वादात मला इथे शिरायचे नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की हा आकडा कोणी काढला आणि तो खरा आहे हे कोणी पाहिले. अपस्माराने आजारी मुलाला सीबीडीचे थेंब देणारी आई, पीक जाळावे लागेल की वाचेल या विवंचनेतला शेतकरी, आणि न्यायालयात उभा असलेला आरोपी, या तिघांचे भवितव्य अशा आकड्यावर टांगलेले असते. प्रयोगशाळेच्या विश्वासार्हतेचा इतिहास सांगायला याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही.

एका रकान्याची गोष्ट

इ. स. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन या नावाने तो ओळखला जातो. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. पोद्दाराच्या कामाचे वर्णन आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर, सातारा या जिल्ह्यांतील लागवडीची माहिती त्या काळच्या अशाच सरकारी कागदपत्रांत मिळते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांबाबत केलेले काम.

गांजाने माणूस वेडा होतो, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता, आणि पुरावा म्हणून इस्पितळांचे वार्षिक तक्ते दाखवले जात. आयोगाने ते तक्ते जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. ती माहिती मुळात भरली कोणी, याचा शोध घेतला. रुग्णासोबत जो तक्ता येई त्यात 'वेडाचे कारण' असा एक रकाना होता. तो बहुतेक वेळा पोलीस भरीत. रस्त्यावर सापडलेल्या माणसाचे पूर्वायुष्य पोलिसाला ठाऊक नसे, पण रकाना तर मोकळा ठेवता येत नाही! मग तिथे 'गांजा' लिहिले जाई, आणि इस्पितळाचा कारकून तेच नोंदवहीत उतरवी. १८९२ साली दाखल झालेल्या रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण अमली पदार्थ म्हणून नोंदलेले होते. आयोगाने प्रत्येक प्रकरणाची नव्याने चौकशी करवली, तेव्हा त्यांपैकी फक्त ९८ जणांचा या पदार्थांशी संबंध जोडता आला.

ज्यांना आकडेवारी शिकवायची असते त्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. छापील तक्त्यातील आकडा किती ठाम दिसतो आणि त्याचे मूळ किती ठिसूळ असू शकते, हे यातून चांगले कळते.

कुत्रे, ससे आणि जांभळा रंग

त्या काळी गांजाचा अर्क औषध म्हणून युरोप-अमेरिकेतही विकला जात असे. अडचण अशी, की एका बाटलीने रुग्णाला भोवळ यायची, तर दुसरीचा काहीच परिणाम दिसायचा नाही. अफूतील मॉर्फीन वेगळे काढून मोजता येत होते, क्विनीनही मोजता येत होते. गांजातील क्रियाशील द्रव्य मात्र कोणालाच सापडत नव्हते. केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या रसायनज्ञांनी चरसातून एक तांबूस घट्ट तेल वेगळे करून १८९६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे त्यातील एका द्रव्याला कॅनॅबिनॉल हे नाव मिळाले. नशा आणणारे मुख्य द्रव्य मात्र ते नव्हते.

जे मोजता येत नाही त्याचा परिणाम मोजावा, ही युक्ती अमेरिकेतील हॉटन आणि हॅमिल्टन यांनी वापरली. अर्क कुत्र्याला पाजायचा आणि त्याचा तोल कधी जातो ते पाहायचे. १९१६ सालच्या अमेरिकन औषधसंहितेत ही चाचणी अधिकृत झाली. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ०.०३ मिलिलिटर अर्काने कुत्रा अडखळू लागला पाहिजे, असा तो दंडक. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटेल, आणि कुत्र्यांच्या बाबतीत क्रूरही. पण या चाचणीत एक गोष्ट अगदी शहाणपणाची होती. नवा अर्क एकटा तपासायचा नाही, प्रमाण म्हणून जपून ठेवलेल्या अर्काशी त्याची तुलना करायची. कुत्रे बदलले, तपासणारा बदलला, तरी तुलनेचा आधार कायम राहतो. मोजमापशास्त्राचे मर्म या एका वाक्यात आहे. पुढे सशाच्या डोळ्यातील बाहुलीपुढच्या पारदर्शक पडद्याची संवेदना जाते का, यावरही चाचण्या झाल्या.

दरम्यान पोलिसांना वेगळीच गरज होती. जप्त केलेला पाला गांजा आहे की नाही, एवढेच त्यांना झटपट हवे होते. खार्टूमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बीम यांनी १९११ च्या सुमारास एक रंगचाचणी दिली. अर्कात अल्कोहोलमध्ये विरघळवलेले पोटॅश टाकले की जांभळा रंग येतो. ही चाचणी कितीतरी वर्षे जगभर वापरली गेली. पुढे रासायनिक उलगडा झाला तेव्हा कळले, की हा रंग मुख्यतः कॅनॅबिडिऑल, म्हणजे सीबीडी, या द्रव्यामुळे येतो. नशा आणणाऱ्या द्रव्याशी त्याचा संबंध नाही! दोराच्या धाग्यासाठी लावलेली, नशा न आणणारी भांग बीम चाचणीत उत्तम रंग देते; काही कडक गांजा मात्र देत नाही. १९३८ साली ड्यूकेन्वा आणि नेग्म यांनी व्हॅनिलिन वापरून दुसरी रंगचाचणी सुचवली. ती पुष्कळ सरस होती, आणि तिचे सुधारित रूप आजही प्राथमिक तपासणीत वापरतात. पण तीसुद्धा केवळ गांजालाच प्रतिसाद देते असे नाही. रंगचाचणी शंका उपस्थित करते. निकाल देत नाही. हे वाक्य तपासनिसाला पाठ असते, पण ते न्यायालयात पोचेलच असे नाही.

रेणू सापडला, अडचण राहिली

इस्राएलमधील राफाएल मेशूलम यांनी संशोधनासाठी पोलिसांकडून पाच किलो हशीश मिळवले आणि ते चक्क बसने आपल्या संस्थेत आणले. १९६४ मध्ये त्यांनी आणि गाओनी यांनी टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना मांडली. हेच ते टीएचसी. त्याच सुमारास वायुवर्णलेखनाची, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीची उपकरणे प्रयोगशाळांत येऊ लागली होती. आता कुत्र्यांची गरज उरली नाही. नमुना यंत्रात सोडायचा, आलेखावर उंचवटा उमटतो, त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे टीएचसीचे प्रमाण.

पण इथे रसायनशास्त्राने एक खोडी काढून ठेवली आहे. ताज्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतेच. असते ते त्याचे आम्ल, टीएचसीए. ते तापवले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरते. चिलीम पेटवल्यावर हेच घडते. वायुवर्णलेखनाच्या यंत्रात नमुना अडीचशे अंशांच्या आसपास तापतो, त्यामुळे हे आम्ल वाटेतच मोडते आणि यंत्राला दोन्ही एकत्र दिसतात. द्रव-वर्णलेखनात नमुना तापवावा लागत नाही, तिथे दोन्ही वेगवेगळी दिसतात. म्हणजे एकाच फुलाला एक यंत्र '१८ टक्के टीएचसी' म्हणेल आणि दुसरे 'टीएचसी १ टक्का, आम्ल १९ टक्के' म्हणेल, आणि दोघेही खरे बोलत असतील.

हा हिशेब अकरावीचा विद्यार्थी करू शकतो. आम्लाचा रेणुभार ३५८.५, टीएचसीचा ३१४.५, फरक ४४, म्हणजे नेमका कार्बन डायऑक्साइड. ३१४.५ भागिले ३५८.५ बरोबर ०.८७७. म्हणून एकूण टीएचसी काढताना आम्लाच्या टक्केवारीला ०.८७७ ने गुणावे लागते. २० टक्के आम्लाचे १७.५ टक्के टीएचसी होते. हा गुणाकार विसरला, किंवा सोयीस्करपणे विसरला, तर डबीवर २० छापता येतात. त्यात ओलाव्याचा प्रश्न. तेच फूल वाळवून मोजले की टक्केवारी वाढते. झाडाच्या शेंड्याचे फूल घेतले की खालच्या फुलापेक्षा जास्त येते. नमुना दळताना राळेच्या ग्रंथी यंत्राच्या भांड्याला चिकटून राहिल्या की कमी येते. यांतली एकही लबाडी नाही. पण यांतल्या प्रत्येक जागी लबाडीला वाव आहे.

आपल्या देशातला प्रश्न थोडा वेगळा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजाची व्याख्या टीएचसीच्या टक्क्यांवर नाही, झाडाच्या अवयवांवर आहे: फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे, शेंड्यांशिवाय असलेल्या बिया आणि पाने त्यात धरत नाहीत. म्हणून भांग त्यातून सुटते. शिक्षा मात्र वजनावर ठरते. एक किलोपर्यंत अल्प मात्रा, वीस किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी मात्रा. तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे जातात ते २४ ग्रॅम. पोत्यातून ते २४ ग्रॅम कसे काढले, देठ-पाने सकट वजन केले की वेगळे, यावर आपल्या न्यायालयांत खल होतो. महाराष्ट्रातल्या वकिलांच्या तोंडी ज्याला 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात तो केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल कितीही चोख असला, तरी तो त्या २४ ग्रॅमपुरताच असतो.

प्रयोगशाळेची परीक्षा

पारख करणाऱ्याची पारख पद्धतशीरपणे करण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धातून आली. युद्धकाळात ऑस्ट्रेलियाला दारूगोळा आणि युद्धसाहित्य मोठ्या प्रमाणावर तयार करायचे होते, आणि त्याच्या चाचण्या विश्वासाने करतील अशा प्रयोगशाळा देशात पुरेशा आहेत की नाहीत, हेच कोणाला सांगता येईना. त्या अनुभवातून १९४७ मध्ये तिथे नाटा नावाची संस्था स्थापन झाली. प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देणारी जगातील ही पहिली राष्ट्रीय संस्था. १९७७ साली कोपनहेगनला अशा संस्थांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९७८ मध्ये मार्गदर्शिका निघाली, आणि १९९९ मध्ये तिच्या जागी आयएसओ १७०२५ हे मानक आले. २०१७ मध्ये ते पुन्हा सुधारले गेले. भारतात या मानकानुसार अधिस्वीकृती देण्याचे काम एनएबीएल करते.

अधिस्वीकृती म्हणजे काय, याविषयी बराच गैरसमज आहे. 'या प्रयोगशाळेचा प्रत्येक अहवाल बरोबर आहे' असा तिचा अर्थ नाही. बाहेरचे तज्ज्ञ येतात, तराजू केव्हा तपासला, प्रमाणित द्रावण कोठून आणले, पद्धत पडताळून पाहिली का, अनिश्चितता कशी काढली, चूक झाली तर ती शोधण्याची व्यवस्था आहे का, हे पाहतात. अमुक चाचणी करण्याची क्षमता इथे आहे, एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. वाहन चालवण्याचा परवाना जसा. परवाना असलेला माणूस लाल दिवा तोडणार नाही, याची हमी परवाना देत नाही.

मग चांगल्या प्रयोगशाळांमध्येही फरक किती पडावा? याचे उत्तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील विल्यम हॉरविट्झ यांनी १९८० मध्ये दिले. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांकडे पाठवून केलेल्या शेकडो अभ्यासांचे निकाल त्यांनी एकत्र मांडले आणि एक चकित करणारी गोष्ट दाखवली. पदार्थ कोणता, पद्धत कोणती याने फारसे बिघडत नाही. प्रयोगशाळांमधील तफावत मुख्यतः पदार्थाच्या प्रमाणावर ठरते. शुद्ध पदार्थासाठी सुमारे २ टक्के, शंभरात एक भाग असेल तर ४ टक्के, दशलक्षात एक भाग असेल तर १६ टक्के. प्रमाण शंभरपट घटले की तफावत दुप्पट. या नियमाने २० टक्के टीएचसी असलेल्या नमुन्यासाठी तफावत साधारण अडीच टक्के येते, म्हणजे वीसच्या मागेपुढे अर्धा. बहुतेक प्रयोगशाळांनी १९ ते २१ च्या दरम्यान उत्तर द्यायला हवे. एकाच, नीट दळून मिसळलेल्या नमुन्याला कोणी १७ म्हणाले आणि कोणी २४, तर दोष निसर्गाकडे ढकलता येणार नाही.

प्रयोगशाळांची परीक्षा घ्यायची नेहमीची रीत म्हणजे प्रावीण्य चाचणी. एका केंद्राकडून सर्वांना सारखे नमुने जातात, उत्तरे परत येतात, कोण किती चुकले ते कळते. मीही अशा चाचण्यांतून गेलो आहे, आणि एक कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी होतो त्या प्रयोगशाळेत पाण्यातील नायट्रेटचे असे नमुने येत. बाटली आली की ती सर्वांत अनुभवी सहकाऱ्याच्या टेबलावर जाई. नवे द्रावण करायचे, पिपेट पुन्हा तपासायची, तीन-तीनदा मोजायचे. गावागावांतून आलेल्या विहिरींच्या पाण्याला हे भाग्य लाभत नसे. आमचे प्रमुख निवृत्त होऊन नवे आले. त्यांनी एकदा तीच चाचणीची बाटली साध्या बाटलीत ओतून, खोट्या गावाचे नाव लावून विहिरींच्या रांगेत ठेवून दिली. आलेले उत्तर त्यांनी कोणाला न रागावता फळ्यावर लिहिले, शेजारी आमचे आधीचे, काळजीपूर्वक काढलेले उत्तर लिहिले, आणि ते जेवायला निघून गेले. त्या दुपारी खोलीत फारसे कोणी बोलले नाही.

आमच्या प्रमुखांना माहीत असो वा नसो, हाच प्रयोग अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाला होता. अमली पदार्थांसाठी लघवी तपासणाऱ्या १३ प्रयोगशाळांना तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, रुग्णांचे असल्याचे भासवून, माहीत असलेले नमुने पाठवले. निकाल १९८५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. काही द्रव्यांच्या बाबतीत एखादी प्रयोगशाळा एकही नमुना चुकली नाही, तर दुसरी सगळेच्या सगळे चुकली. पदार्थ नसलेल्या नमुन्यांत तो सापडल्याचे सांगणाऱ्याही निघाल्या. त्याच प्रयोगशाळांना 'ही परीक्षा आहे' असे सांगून नमुने पाठवले, तेव्हा त्या बऱ्याच चांगल्या उत्तीर्ण झाल्या. या धक्क्यानंतरच्या काळात, १९८८ मध्ये, सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासणीसाठी सक्तीचे नियम आले. प्राथमिक चाचणीत गांजाची द्रव्ये मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम या मर्यादेवर आढळली, तरी वस्तुमान वर्णपटमापीने दुसऱ्या पद्धतीची पुष्टी मिळाल्याखेरीज नमुना दोषी धरायचा नाही. आणि प्रयोगशाळेला न कळवता पाठवलेले आंधळे नमुने हा परीक्षेचा भाग झाला.

ज्या शिक्षकांनी बारावीच्या प्रात्यक्षिक वह्या तपासल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. ब्युरेटची तीन वाचने आणि तिन्ही १०.४! 'सी.बी.आर.' मिळाले पाहिजे म्हणून पहिल्यावरून उरलेली दोन लिहून काढायची, ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. बोस्टनमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञ बाईंनी तेच केले. त्या नमुने न तपासताच अहवाल देत. सहकाऱ्यांच्या कितीतरी पट वेगाने त्यांचे काम उरकत होते, आणि वरिष्ठांना त्यात शंकेऐवजी कार्यक्षमता दिसली. २०१२ मध्ये त्यांना अटक झाली, त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांचे २१ हजारांहून अधिक खटले रद्द केले. यातील किती माणसे शिक्षा भोगून बाहेर आली होती, याचा विचार करावा.

दुकानातील वजन

कोलोरॅडोत जानेवारी २०१४ मध्ये गांजाची खुली विक्री सुरू झाली, पाठोपाठ इतर राज्ये आली, आणि प्रयोगशाळांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. आतापर्यंत नमुना पाठवणारा पोलीस होता. आता तो उत्पादक होता. तो प्रयोगशाळा स्वतः निवडतो, तिचे पैसे देतो, आणि गिऱ्हाईक जास्त टीएचसीला जास्त दाम मोजत असल्यामुळे त्याला मोठा आकडा हवा असतो. जी प्रयोगशाळा १७ म्हणते तिच्याकडे तो पुढच्या वेळी जात नाही. प्रामाणिक प्रयोगशाळेला कुलूप लागते, तेही कोणताही नियम न मोडता.

परिणाम आकड्यांत दिसू लागले. वॉशिंग्टन राज्यातील नोंदींचा जिकोम्स आणि झोरूब यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पादक आणि वाण यांचा प्रभाव वजा केल्यावरही काही प्रयोगशाळा सातत्याने जास्त टीएचसी सांगत होत्या, काही कमी. झोरूब यांनी २०२१ मध्ये आणखी एक साधी गोष्ट केली. नेवाडा आणि वॉशिंग्टनमधील सर्व निकालांचा स्तंभालेख काढला. १९ टक्क्यांच्या पुढच्या घरात नमुने कमी, आणि २० ओलांडताच एकदम जास्त! झाडाला दशमान पद्धत शिकवलेली नाही. २० या गोल आकड्याचे महत्त्व फक्त माणसाला कळते. ३५ गुणांवर पास होणाऱ्या परीक्षेत ३३ आणि ३४ गुणांची मुले कमी का आढळतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा आलेख समजावून सांगावा लागत नाही. कोलोरॅडोतील दुकानांतून घेतलेले २३ नमुने एका विद्यापीठात तपासले गेले, तेव्हा त्यांतील बहुतेकांत डबीवर लिहिल्यापेक्षा कमी टीएचसी निघाले. तो अभ्यास २०२३ चा. खाद्यपदार्थांची कथा निराळी नाही. २०१५ मधील एका तपासणीत ७५ पदार्थांपैकी जेमतेम १७ टक्क्यांवर बरोबर लेबल होते. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी ३१ टक्के अचूक निघाली, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. आधी उल्लेख केलेल्या आईच्या हातातली बाटली अशीच कुठून तरी आलेली असते. कॅलिफोर्नियात तर २०१८ मध्ये एका परवानाधारक प्रयोगशाळेत कीटकनाशकांचे काही निकाल, यंत्र नीट चालत नसताना, मनानेच भरल्याचे उघड झाले.

हे सर्व आयएसओ १७०२५ च्या जमान्यात घडले. कॅलिफोर्नियात तर गांजा-प्रयोगशाळेला ही अधिस्वीकृती सक्तीची होती. ती निरुपयोगी ठरली असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळे निदान तराजू तपासले गेले, नोंदी ठेवल्या गेल्या, आणि त्या नोंदींमुळेच पुढे लबाडी पकडता आली. पण ती क्षमतेची परीक्षा घेते, मोहाची नाही. शिवाय एक कायदेशीर पेच होता. राज्यांनी परवानगी दिली तरी संघराज्याच्या कायद्याने गांजा राज्याची सीमा ओलांडू शकत नव्हता. म्हणजे एकच दळलेला नमुना देशभर वाटून परीक्षा घ्यायची, ही हॉरविट्झ यांच्या काळापासूनची साधी रीतच बंद. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०२० मध्ये कमी टीएचसीच्या, कायद्याने चालणाऱ्या भांगेचे नमुने वाटून हा मार्ग काढला, आणि २०२४ मध्ये भांगेच्या वाळलेल्या झाडाचे संदर्भद्रव्य विक्रीला ठेवले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुत्र्यांसाठी जपलेला तो प्रमाण अर्क आता नव्या रूपात परत आला, असे म्हणायला हरकत नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून सर्व प्रयोगशाळांना एकच पद्धत लावण्याचे ठरवले.

शेतकऱ्याची गोष्ट राहिली. धाग्याची भांग आणि गांजा यांतील सीमा म्हणून ०.३ टक्के टीएचसी हा आकडा १९७६ साली अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवला होता. कुठेतरी रेघ मारायला हवी म्हणून त्यांनी ती मारली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कायद्याने तीच रेघ उचलली, आणि तिच्या पलीकडचे पीक नष्ट करणे भाग पडू लागले. आता ०.३० आणि ०.३१ यांत फरक करायचा म्हणजे अनिश्चिततेचा प्रश्न टाळता येईना. कृषी खात्याच्या २०१९ मधील नियमांत त्यामुळे एक विलक्षण तरतूद आली. प्रयोगशाळेने आकड्यासोबत अनिश्चितताही कळवायची, आणि ०.३ हा आकडा त्या पट्ट्यात येत असेल तर पीक वाचवायचे. अहवाल ०.३५ टक्के आला आणि अनिश्चितता ०.०६ असेल, तर पट्टा ०.२९ ते ०.४१ होतो, पीक वाचते. दुसऱ्या प्रयोगशाळेने तेच ०.३५ अनिश्चितता ०.०२ ठेवून मोजले, तर पट्टा ०.३३ पासून सुरू होतो, आणि पीक जाते. म्हणजे ज्या प्रयोगशाळेचे मोजमाप ढोबळ, तिच्याकडे जाण्यात शेतकऱ्याचा फायदा. अनिश्चितता जास्तीत जास्त किती चालेल, याची मर्यादा त्या नियमांत घातलेली नव्हती.